धातूंची उतरंड

पूर्वी मराठी घरात धातूंचे स्वभाव ओळखायला कुणाला पुस्तक उघडावे लागत नसे. ताक पितळेच्या भांड्यात राहिले की कळकते, हे घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असे. म्हणून कल्हईवाला दारात आला की घरातली पातेली बाहेर निघत. तो भाता मांडायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा आणि बोळ्याने कथील असे फिरवायचा की पिवळे भांडे आतून चांदीसारखे लखलखू लागे. लोखंडी तवा रात्री ओला राहिला तर सकाळी त्याच्यावर तांबूस गंज दिसायचा. देवाची चांदीची निरांजने काळवंडायची. जस्ताची बादली मोरीत वर्षानुवर्षे पाण्यात बसून मळकट व्हायची, पण सहसा सडायची नाही. आणि आजीच्या डब्यातली सोन्याची पुतळी चार पिढ्या गेल्या तरी जशीच्या तशी असायची.

या सगळ्या अनुभवांच्या मागे एकच सूत्र आहे. धातू हा मुळात देणारा आहे. त्याच्या अणूच्या बाहेरच्या कडेला जे इलेक्ट्रॉन असतात, ते दुसऱ्याला देऊन टाकण्याकडे त्याचा कल असतो. पण सगळ्यांना सारखी घाई नसते. पोटॅशियम आणि सोडियम इतके उतावळे, की पाणी दिसताच पेट घेतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, ॲल्युमिनियम त्यांच्या खाली. मग जस्त, त्याखाली लोखंड, मग कथील, शिसे, तांबे, चांदी. सर्वांत खाली सोने, जे सहसा कुणाला काही देत नाही आणि म्हणूनच कधी झिजत नाही. स्वयंपाकघरातल्या मडक्यांच्या उतरंडीसारखी ही धातूंची उतरंड आहे. शाळेतली मुले तिला क्रियाशीलता श्रेणी म्हणतात आणि परीक्षेपुरती पाठ करतात.

या उतरंडीची सर्वांत वरची मडकी ज्याने प्रथम हाताळली, आणि पुढे तिच्याच भरवशावर इंग्लंडच्या आरमाराला सल्ला देऊन जो हसे करून बसला, त्या माणसाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव हम्फ्री डेव्ही. त्याच्या आयुष्यातला विजय सर्वांना ठाऊक आहे. त्याची फजिती मात्र विस्मरणात गेली, आणि आज आपल्या उपयोगाला येते ती जास्त करून ती फजितीच.

डेव्हीचा जन्म १७ डिसेंबर १७७८ चा, इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉल परगण्यातल्या पेन्झान्स गावी. समुद्रकाठचे गाव, आसपास तांब्याच्या आणि कथलाच्या खाणी. वडील रॉबर्ट लाकडावर कोरीवकाम करीत. हात कुशल, पण व्यवहार कच्चा. १७९४ मध्ये ते वारले तेव्हा मागे पत्नी, पाच मुले आणि सुमारे १३०० पौंडांचे कर्ज राहिले. आई ग्रेस खचली नाही. तिने बायकांच्या टोप्यांचे दुकान चालवले आणि देणेकऱ्यांची तोंडे एकेक करून बंद केली. हम्फ्री सगळ्यांत थोरला, वय पंधरा. शाळेत तो फार चमकला होता असे नाही. गळ टाकून मासे पकडणे, कविता करणे आणि सवंगड्यांना गोष्टी सांगणे, यातच त्याचा जीव रमे. पण वडिलांच्या मृत्यूनंतर मुलगा एकदम जागा झाला. १७९५ मध्ये गावातल्या बोर्लेस नावाच्या शल्यवैद्याकडे तो उमेदवारीला लागला. औषधे कुटता कुटता त्याने स्वतःच स्वतःचा अभ्यासक्रम आखला, आणि १७९७ मध्ये लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा रसायनशास्त्रावरचा ग्रंथ वाचायला घेतला. त्यानंतर त्याला दुसरे काही सुचेना. माळ्यावर बाटल्या आणि जुनी भांडी जमवून त्याचे प्रयोग सुरू झाले.

डेव्हिस गिडी नावाच्या जाणत्या गृहस्थांची नजर या मुलावर पडली. त्यांनी आपला ग्रंथसंग्रह त्याला मोकळा करून दिला आणि ब्रिस्टलच्या डॉक्टर बेडोज यांच्याकडे त्याची शिफारस केली. निरनिराळे वायू हुंगवून रोग बरे होतात का, हे पाहण्यासाठी बेडोज यांनी एक संस्था काढली होती. १७९८ मध्ये, विशीही न गाठलेला डेव्ही तिथला प्रयोगशाळाप्रमुख झाला. गाव सोडताना वडिलांच्या मालमत्तेतला आपला हक्क त्याने आई आणि बहिणींच्या नावे सोडून दिला. ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढे याच माणसाचा हात नको तिथे आखडलेला दिसणार आहे.

ब्रिस्टलला त्याने वायू तपासले ते स्वतःच्याच फुप्फुसांवर. एकदा तर मरता मरता वाचला. नायट्रस ऑक्साइड म्हणजे हास्यवायू त्याने स्वतः घेतला, कोलरिज आणि सदी या कविमित्रांनाही दिला. शस्त्रक्रियेच्या वेळी वेदना थांबवायला हा वायू उपयोगी पडेल, असे त्याने १८०० च्या आपल्या ग्रंथात लिहूनही ठेवले. कुणी लक्ष दिले नाही. दंतवैद्यांनी तो वापरायला १८४४ साल उजाडले.

त्याच १८०० साली इटलीतून एक बातमी आली. व्होल्टा नावाच्या प्राध्यापकाने जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचून, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे ठेवून अखंड वाहणारी वीज निर्माण केली होती. जगाला ती जादू वाटली. डेव्हीला मात्र एक वेगळाच प्रश्न पडला. नुसत्या दोन धातूंच्या स्पर्शाने ही वीज निघते, की जस्त झिजते म्हणून निघते? त्याने पाहिले, की जिथे रासायनिक क्रिया नाही तिथे वीजही नाही. जस्त स्वतःला खर्च करीत होते आणि त्या खर्चाचाच वीज हा हिशेब होता. दोन धातू उतरंडीत जितके दूर, तितका विजेचा जोर अधिक. मग उलटेही शक्य असले पाहिजे. रासायनिक बंधातून वीज मिळत असेल, तर वीज देऊन रासायनिक बंध तोडता आला पाहिजे.

१८०१ मध्ये तो लंडनला रॉयल इन्स्टिट्यूशन या नव्या संस्थेत आला. बावीस वर्षांचा हा खेडवळ उच्चारांचा, देखणा, तेजस्वी डोळ्यांचा तरुण बोलायला उभा राहिला आणि लंडनचे उच्चभ्रू जग त्याच्यावर लुब्ध झाले. नाटकाला जावे तशी माणसे रसायनशास्त्राला येऊ लागली, त्यात स्त्रियांची संख्या मोठी. संस्थेसमोरच्या अल्बमार्ल स्ट्रीटवर घोडागाड्यांची इतकी कोंडी होई, की तो रस्ता एकाच दिशेने वाहतुकीला खुला ठेवावा लागला असे सांगतात. व्याख्यानांखेरीज त्याला कातडी कमावण्यावर आणि शेतीवरही संशोधन करावे लागे. पण उरलेला वेळ तळघरातल्या प्रयोगशाळेत, शेकडो धातूपत्र्यांच्या प्रचंड बॅटऱ्यांसमोर जाई.

राखेतून मिळणारा पोटॅश आणि साबणवाल्यांचा कॉस्टिक सोडा, हे पदार्थ जग हजारो वर्षे वापरीत होते. त्यांच्या पोटात काहीतरी दडले आहे असा शास्त्रज्ञांना संशय होता, पण ते फोडणे कुणाला जमले नव्हते. डेव्हीने प्रथम पोटॅश पाण्यात विरघळवून त्यातून वीज सोडली. फुटले ते पाणीच. पोटॅश आहे तसा राहिला. मग त्याने कोरडा पोटॅश घेतला, तर त्यातून वीज वाहीना. शेवटी त्याने पोटॅशचा खडा क्षणभर हवेत ठेवला, पृष्ठभागाला जरासा ओलावा येण्यापुरताच. तो प्लॅटिनमच्या चकतीवर ठेवून त्याने बॅटरी जोडली. तो दिवस ६ ऑक्टोबर १८०७. खडा वितळू लागला आणि खालच्या बाजूने पाऱ्यासारखे चकचकीत थेंब डोकावू लागले. काही थेंब वर येताच फटकन पेटले, काही हवा लागताच मळकट झाले. सहायक म्हणून तिथे असलेला त्याचा नात्यातला भाऊ एडमंड डेव्ही याने पुढे सांगितल्याप्रमाणे, हम्फ्री त्या तळघरात आनंदाने अक्षरशः नाचत सुटला. काही दिवसांतच कॉस्टिक सोड्यातून सोडियमही हाती आले.

हा धातू कसला चमत्कारिक! सुरीने लोण्यासारखा कापावा इतका मऊ. पाण्यापेक्षा हलका, म्हणून पाण्यावर तरंगणारा. आणि तरंगता तरंगता सूं सूं करीत, जांभळट ज्योतीने पेटून नाहीसा होणारा. तो ठेवायचा कशात, हाच प्रश्न. डेव्हीने तो नॅफ्थात बुडवून ठेवला, जसे शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियमचे तुकडे रॉकेलच्या बाटलीत ठेवलेले आपण पाहिले आहेत.

माणसाला एवढे दिवस हे धातू का सापडले नाहीत, याचे उत्तर त्या ज्योतीतच आहे. माणसाने धातू ज्या क्रमाने मिळवले तो क्रम क्रियाशीलतेच्या जवळजवळ नेमका उलटा आहे. सोने नदीच्या वाळूत शुद्ध स्वरूपातच पडलेले असते, कारण ते कुणाशी बांधले जात नाही. म्हणून ते सर्वांत आधी सापडले. तांबे काही ठिकाणी मोकळे मिळे, नाहीतर साध्या भट्टीत कोळशाने सुटे. लोखंड ऑक्सिजनला अधिक घट्ट धरून बसते, म्हणून त्याला जास्त आच आणि जास्त शतके लागली. जस्त त्याहून हट्टी. ते सुटते तेव्हा वाफ होऊन उडून जाते. ती वाफ पकडून थंड करण्याची विद्या राजस्थानातल्या झावरच्या कारागिरांनी युरोपच्या कितीतरी आधी साधली होती. पोटॅशियम आणि सोडियम यांनी तर आपला इलेक्ट्रॉन केव्हाच देऊन टाकलेला. ते जगात सर्वत्र आहेत, मिठात आहेत, राखेत आहेत, आपल्या रक्तात आहेत. पण मोकळे कुठेच नाहीत. जो सहज देतो त्याच्याकडून ते परत घेववणे सर्वांत कठीण. कोळशाच्या साध्या भट्टीला जे जमले नाही, ते विजेने करून दाखवले. इलेक्ट्रॉनचा शोध लागायला १८९७ साल यावे लागले. डेव्हीला तो शब्दही माहीत नव्हता, पण रासायनिक ओढ आणि वीज यांचे मूळ एक आहे हे त्याने ओळखले होते.

नोव्हेंबरात रॉयल सोसायटीपुढे शोध जाहीर केला आणि तो अंथरुणाला खिळला. आजार इतका गंभीर, की रॉयल इन्स्टिट्यूशनच्या दारावर त्याच्या प्रकृतीची पत्रके लागत. त्यातून उठल्यावर १८०८ मध्ये त्याने मॅग्नेशियम, कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे चार धातू वेगळे केले. क्लोरीन हे मूलद्रव्य आहे हे १८१० मध्ये सिद्ध केले. इंग्लंड आणि फ्रान्स यांचे युद्ध पेटलेले असताना नेपोलियनने ठेवलेले विजेवरच्या संशोधनाचे पारितोषिक पॅरिसच्या पंडितांनी या इंग्रजाला दिले. १८१२ च्या एप्रिलमध्ये त्याला सर हा किताब मिळाला आणि तीनच दिवसांनी जेन अप्रीस या श्रीमंत, बुद्धिमान विधवेशी त्याचा विवाह झाला. कर्जबाजारी कोरक्याचा मुलगा समाजाच्या उतरंडीत पार वर जाऊन बसला.

त्याच वर्षी एका बुकबाइंडरच्या दुकानातला उमेदवार त्याची व्याख्याने ऐकायला येऊ लागला. त्याने ती टिपून घेतली, सुबक अक्षरात लिहून काढली, स्वतःच बांधली आणि डेव्हीकडे पाठवून दिली. त्याचे नाव मायकेल फॅरडे. प्रयोगातल्या स्फोटाने डेव्हीच्या डोळ्याला इजा झाली तेव्हा लेखनिक म्हणून फॅरडेला बोलावणे गेले, आणि १८१३ च्या मार्चमध्ये तो सहायक म्हणून रुजू झाला. त्या वर्षीच्या शरद ऋतूत डेव्ही दांपत्य युरोपच्या प्रवासाला निघाले. ऐनवेळी नोकराने यायला नकार दिला, म्हणून फॅरडेने ते कामही पाहावे असे ठरले. लेडी डेव्हीने त्याला नोकरासारखेच वागवले. पॅरिसमध्ये आयोडीनची परीक्षा, फ्लॉरेन्समध्ये भिंगाखाली हिरा जाळून तो निव्वळ कार्बन असल्याचा पुरावा, मिलानला वृद्ध व्होल्टाची भेट, हे सारे फॅरडेने गुरूच्या शेजारी उभे राहून पाहिले. एकीकडे अशी विद्या मिळत होती, आणि दुसरीकडे जेवणाच्या पंगतीत जागा नव्हती.

परत आल्यावर १८१५ मध्ये डेव्हीने ते काम केले ज्यासाठी सामान्य माणसाने त्याला डोक्यावर घेतले. उत्तर इंग्लंडच्या कोळसा खाणींत मिथेन वायू दिव्याच्या ज्योतीने पेट घेई. १८१२ मध्ये फेलिंगच्या खाणीत अशा स्फोटाने ९२ जण दगावले होते, त्यांत कितीतरी लहान मुले. डेव्हीने काही आठवड्यांत शोधून काढले, की बारीक तारेच्या जाळीतून ज्योत पलीकडे जात नाही, कारण जाळी तिची उष्णता शोषून घेते. जाळी लावलेला दिवा १८१६ च्या जानेवारीत खाणीत उतरला. पेटंट घेतले असते तर वर्षाला हजारो पौंड आले असते. त्याने ते घेतले नाही. जॉर्ज स्टीफन्सन या खाणीतल्या इंजिन कारागिरानेही त्याच सुमारास असाच दिवा केला होता, तेव्हा मात्र डेव्ही त्याच्यावर तुटून पडला. अडाणी माणसाला हे सुचणे शक्य नाही, असा त्याचा सूर होता. माळ्यावरच्या बाटल्यांनी ज्याचे शिक्षण झाले त्याने असे म्हणावे! पैसा सोडणे त्याला जमे, श्रेय सोडणे जमत नसे.

१८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला, आणि १८२३ मध्ये आरमार खाते एक अडचण घेऊन त्याच्याकडे आले.

लाकडी जहाजांना टेरेडो नावाचा किडा पोखरून टाकी, आणि बुडाला शेवाळ नि शिंपले चिकटून जहाज मंदावे. यावर उपाय म्हणून १७६१ मध्ये अलार्म या जहाजाचा तळ तांब्याच्या पत्र्यांनी मढवून पाहिला. किडा थांबला, तळ स्वच्छ राहिला. पण दोन वर्षांनी दिसले, की पत्रे धरून ठेवणारे लोखंडी खिळे गळून गेले आहेत. ज्या खिळ्यांखाली चुकून पुडक्याचा तपकिरी कागद राहून गेला होता, तेवढे मात्र शाबूत. आरमाराने धडा घेतला तो एवढाच, की तांब्याजवळ लोखंड ठेवू नये. पुढे खिळेही तांब्याच्या मिश्रधातूचे झाले. आता तक्रार दुसरी होती. समुद्राचे खारे पाणी तांबेच खात होते आणि पत्रे वारंवार बदलण्यात पैसा पाण्यात जात होता.

डेव्हीने अलार्मची गोष्ट उलटी वाचली. तांब्याने लोखंड खाल्ले असे सगळे म्हणत होते. त्याला दिसले ते असे, की लोखंडाने स्वतः जाऊन तांबे वाचवले. दोन धातू एकमेकांना टेकून खाऱ्या पाण्यात असले, की उतरंडीत जो वर असतो तो देत राहतो, आणि तो देतो तोवर खालच्याला काही द्यावे लागत नाही. मोरचुदाच्या निळ्या द्रावणात लोखंडी खिळा बुडवला तर खिळा विरघळू लागतो आणि त्याच्यावर तांब्याचा थर चढतो, ते याच न्यायाने.

मी आयुष्यभर बँकेत कर्जाची कागदपत्रे पाहिली. कर्ज घेणाऱ्याच्या सहीखाली जामीनदाराची सही असते. वसुलीची वेळ आली की जामीनदार भरतो आणि कर्जदाराचे घर वाचते. डेव्हीने तांब्याला जामीनदार द्यायचे ठरवले. त्याच्या प्रयोगात वाटाण्याएवढा जस्ताचा तुकडा किंवा लहानशा लोखंडी खिळ्याचे टोक चाळीस-पन्नास चौरस इंच तांबे राखायला पुरेसे ठरले. इतक्या स्वस्त जामिनावर इतके मोठे कर्ज कुठल्या बँकेने दिले असते?

२२ जानेवारी १८२४ ला त्याने हा निबंध रॉयल सोसायटीपुढे ठेवला. कोचीनला सागवानात बांधलेल्या समरंग या युद्धनौकेच्या तळाला त्या वसंतात ओतीव लोखंडाचे ठोकळे बसवले गेले. ती नोव्हा स्कोशियाची सफर करून १८२५ च्या जानेवारीत परतली, तेव्हा तळ चांगला स्वच्छ होता. डेव्ही स्वतः कॉमेट या आगबोटीतून नॉर्वेच्या बाजूला जाऊन परीक्षा घेऊन आला. हवामान आणि बोट लागणे, दोन्ही सोसले. आणखी जहाजांना ठोकळे बसू लागले.

मग एकेक जहाज गोदीत येऊ लागले. तांबे खरोखरच नवे कोरे होते, रेषेइतकेही झिजलेले नव्हते. पण त्यावर शेवाळाचे रान माजले होते आणि बार्नॅकल नावाच्या कवचधारी जिवांचे थरावर थर होते. जहाजे हलता हलेनात. कारण असे, की झिजणाऱ्या तांब्याचे क्षार विषारी असतात. त्या विषामुळेच सागरी जीव तळाला चिकटत नव्हते. तांबे वाचले, विष थांबले, वर चुनखडीसारखा थर बसला आणि जिवांना पाय रोवायला जागा मिळाली. ज्याला सगळे तांब्याची नासाडी समजत होते, ते त्याचे काम होते. धातूशास्त्राचा डेव्हीचा सिद्धांत तंतोतंत खरा ठरला आणि आरमाराचा उद्देश पार बुडाला. १८२५ मध्ये बंदरात उभ्या असलेल्या जहाजांचे ठोकळे उतरवले गेले, १८२८ पर्यंत सगळ्यांचेच. वर्तमानपत्रांनी टवाळी केली. सन्मानाची सवय झालेल्या डेव्हीला ती फार लागली.

निबंध वाचला त्याच महिन्यात, ८ जानेवारीला, फॅरडे रॉयल सोसायटीचा सदस्य म्हणून निवडून आला होता, आणि या निवडीला डेव्हीचा विरोध होता. फॅरडेचे स्वतंत्र शोध गाजू लागले होते. आपले श्रेय पुरते मिळाले नाही अशी गुरूची खंत होती, आणि इतरांनी फॅरडेवर घेतलेल्या आक्षेपांकडे त्याने कान दिला होता. गिडींनी ग्रंथालय उघडले नसते आणि बेडोजनी विशीच्या आतल्या पोराच्या हाती प्रयोगशाळा दिली नसती तर डेव्ही पेन्झान्सच्या दवाखान्यात पुड्या बांधत राहिला असता. वरच्याने दिले की खालचा वाचतो, हे त्याला धातूंत दिसले. माणसांत, आपल्या डोळ्यांसमोर, दिसले नाही. फॅरडेने मात्र शेवटपर्यंत त्याच्याविषयी आदरच बाळगला.

१८२६ मध्ये आई गेली. त्या वर्षाच्या अखेरीस डेव्हीला पक्षाघाताचा झटका आला. १८२७ मध्ये अध्यक्षपद सोडून तो युरोपात भटकू लागला, बहुतेक वेळ पत्नीवाचून. पुन्हा लहानपणीचा मासे धरण्याचा गळ हाती आला. त्याने त्यावर एक पुस्तक लिहिले, आणि मृत्यूला जवळून पाहिलेल्या माणसाचे एक चिंतनपर पुस्तकही. २९ मे १८२९ रोजी जिनिव्हा येथे, पन्नासाव्या वर्षी तो वारला. तिथेच त्याला पुरले.

त्याच वर्षी आयर्लंडमध्ये एडमंड डेव्ही, तोच तळघरातला भाऊ, समुद्रात तरंगणाऱ्या बोयांच्या लोखंडी भागांना जस्ताचे ठोकळे जोडून पाहत होता. लोखंड गंजले नाही. इथे फजितीचे कारणच नव्हते, कारण लोखंडाला तांब्यासारखे विष पसरवण्याचे काम नाही. त्याने टिकायचे एवढेच. सिद्धांत बरोबर होता, फक्त जामीन चुकीच्या कर्जदाराला दिला गेला होता. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये सोरेलने लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याचे पेटंट घेतले. आपली मोरीतली बादली, छपराचा पत्रा, नळाचा पाइप हे सगळे त्याच वंशातले. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यावर कथील असते. कथील लोखंडाच्या खाली, म्हणून डब्याला ओरखडा गेला की तिथले लोखंड झपाट्याने गंजते. बादलीला ओरखडा गेला तरी भोवतीचे जस्त स्वतः झिजून उघड्या लोखंडाला सांभाळते. दोन्ही थर चकचकीतच, पण एक नुसता पांघरूण आहे आणि दुसरा जामीनदार. ॲल्युमिनियम खरे तर जस्ताच्याही वर, पण हवा लागताच अंगावर आपल्याच ऑक्साइडचा पातळ, घट्ट पापुद्रा घेते, म्हणून आपले कुकर टिकतात.

खाणमालकांनी दिव्याबद्दल डेव्हीला चांदीची मोठी ताटवाटी भेट दिली होती. त्याच्या इच्छेनुसार ती पुढे वितळवून विकली गेली आणि त्या पैशातून रॉयल सोसायटीचे डेव्ही पदक सुरू झाले. १८८२ मध्ये ते मेंडेलीव्हलाही मिळाले, ज्याने सगळ्या मूलद्रव्यांची मांडणी एका कोष्टकात केली. पेन्झान्सच्या रस्त्यावर डेव्हीचा पुतळा उभा आहे. त्याच्या हातात खाणीतला दिवा आहे, आणि ते योग्यच आहे.

पण मुंबईच्या गोदीत एखादे पोलादी जहाज दुरुस्तीला कोरडे उभे असेल, तर त्याचा तळ निरखून पाहावा. रंगाच्या थरावर जागोजागी जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ठोकळे बसवलेले दिसतील, काही अर्धे विरघळलेले, खडबडीत, चिरा गेलेले. गोदीतला कामगार ते काढतो, भंगारात टाकतो आणि त्यांच्या जागी नवे बसवतो. जुना ठोकळा जितका खंगलेला, तितके त्याचे काम नीट झालेले. शेजारचे पोलाद शाबूत असते. त्या ठोकळ्यांवर कुणाचे नाव नसते.